कोटाच्या बटणाएवढा ठिपका

दोरीवरून सरकत सरकत कागद जवळ आला आणि वहिनी बघतच राहिल्या. कागद कोरा होता. पाच गोळ्या मारल्या होत्या आणि एकही भोक नव्हतं.

त्यांनी कागद काढला, उलटा करून पाठीमागूनही पाहिला. जणू गोळ्या तिकडून आल्या असाव्यात. वारा नव्हता, ऊन पाठीमागून होतं, पिस्तूल सव्वीस वर्षांच्या सवयीचं. पाचच्या पाच गोळ्या बाहेर जाणं म्हणजे स्वयंपाकघरात जाताना घरच चुकण्यासारखं होतं.

शेजारच्या कठड्याशी दातांची डॉक्टरीण उभी होती. ती क्लबात येऊन चार वर्षं झाली होती. हातात आपला कागद धरून ती अवघडल्यासारखी म्हणाली, "वहिनी, मी पाचच मारल्या. माझ्या कागदावर दहा भोकं आहेत."

वहिनींनी कागद पाहिला. पाच भोकं इकडेतिकडे विखुरलेली होती. दुसरी पाच मात्र एकमेकांना चिकटून, नऊ आणि दहाच्या वर्तुळांत, एका आगपेटीखाली झाकली जातील अशी.

"ही तुमची," डॉक्टरीण म्हणाली. "अक्षर ओळखावं तसं ओळखू येतं."

तिने चेष्टेने म्हटलं नव्हतं, पण वहिनींचे कान तापले. शिकाऊ लोकांकडून होते ती चूक त्यांच्या हातून झाली होती. शेजाऱ्याच्या कागदावर गोळ्या.

खरं तर त्या कुणाच्या सख्ख्या वहिनी होत्या तर फक्त एकाच्या. त्यांचे धाकटे दीर क्लबाचं शस्त्रागार सांभाळायचे. पिस्तुलं साफ करायचे, स्क्रू आवळायचे, नव्या लोकांना शिकवायचे. त्यांनी पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर "वहिनी, इकडे या" म्हणून हाक मारली आणि त्या दिवसापासून अख्ख्या क्लबाच्या त्या वहिनी झाल्या. त्यांच्याहून पंधरा वर्षांनी मोठे लोकसुद्धा वहिनीच म्हणत. एरवी त्या सरकारी ग्रंथालयाच्या बांधणी विभागात कामाला होत्या. फाटकी पुस्तकं उसवायची, पानं पुन्हा शिवायची, नवी पाठ लावायची. निवृत्तीला सव्वा वर्ष उरलं होतं. दर गुरुवारी आणि रविवारी त्या रेंजवर यायच्या आणि तीन क्लबांच्या वार्षिक स्पर्धेत आपल्या क्लबाच्या तिघांच्या संघात त्यांची जागा अठरा वर्षं कुणी हलवली नव्हती.

भाऊजी आले, त्यांनी दोन्ही कागद पाहिले आणि त्याबद्दल बोलायचं सोडून दुसराच विषय काढला. ते बोलले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आल्यावर वहिनींनी पिशवी कोपऱ्यात ठेवली आणि नवऱ्याला सांगून टाकलं, "आता बास. उद्यापासून नाही जायचं."

नवरा शिंपी होता. दुकान आता भाच्याकडे दिलं होतं, पण घरातल्या घरात काही ना काही शिवत बसायचा. तोंडातल्या टाचण्या काढून त्याने विचारलं, "काय झालं?"

"दिसत नाही."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल."

"वर्ष?" त्याने कात्री खाली ठेवली. "अगं, वर्षभर आंधळी कोशिंबीर खेळत होतीस आणि मला पत्ता नाही?"

मग वहिनींनी सगळं सांगितलं. पिस्तुलाच्या नळीच्या टोकावर एक इवलासा उभा दांडा असतो, त्याला माशी म्हणतात. मागच्या बाजूला एक खाच. खाचेत माशी मधोमध बसवायची आणि ती जोडी कागदावरच्या काळ्या गोलाखाली धरायची. तीन ठिकाणच्या तीन गोष्टी, आणि डोळा एकच. तो एका वेळी एकीलाच स्पष्ट बघतो. म्हणून शिकवतात की माशी बघा, गोल पुसट दिसला तरी चालेल. पण गेल्या वर्षापासून माशीच कापसासारखी झाली होती. चष्मा बदलला तर माशी दिसे, पण पलीकडचा गोल विरघळून जाई. आज डोळा मागे-पुढे करता करता शेजारचाच गोल आपला वाटला होता.

नवऱ्याने सगळं नीट ऐकून घेतलं आणि मग गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "जन्मभर नाकावर माशी बसू दिली नाहीस. आता पिस्तुलावरची रुसली."

वहिनींना हसायचं नव्हतं, पण हसू आलं.

"मला सुईचं नेढं दिसेनासं झालं तेव्हा मी दुकान बंद केलं का?" तो म्हणाला. "सुई ओवायचं यंत्र आणलं. तुमच्यात नसतं का असं काही?"

असं काही होतं आणि ते वहिनींना चांगलं ठाऊक होतं. क्लबातली विशी-पंचविशीतली मंडळी पिस्तुलावर लाल ठिपक्याची साइट लावत. छोटीशी काच आणि तिच्यात तरंगणारा लाल ठिपका. खाच नाही, माशी नाही. समोरचा गोल बघायचा, ठिपका आपोआप त्याच्यावर दिसतो. त्यांचा गट वेगळा होता. लाल ठिपका लावला की जुन्या साइटच्या संघात जागा नाही, असा नियमच होता. वहिनींनी त्या साइटला आजवर "खेळणं" म्हटलं होतं, तेही बऱ्याच लोकांदेखत.

रविवारी भाऊजी घरी आले ते एक पेटी घेऊनच. नवऱ्याने, म्हणजे त्यांच्या दादाने, फोन केला होता हे उघड होतं. जेवणाच्या टेबलावर त्यांनी तीन साइट ओळीने मांडल्या. क्लबातल्या लोकांकडून मागून आणल्या होत्या.

"मी काही म्हटलं का तुम्हाला?" वहिनी म्हणाल्या.

"तुम्ही कुठे म्हणता? दादा म्हणाला."

"मला विचारायचं सोडून दोघं भाऊ…"

"वहिनी, हातात तर घ्या. आवडल्या नाहीत तर पेटी बंद करून जातो."

पहिली नळीसारखी होती, दोन्ही बाजूंनी काच, आत धूळ जाणार नाही अशी. मजबूत पण जड. वहिनींनी ती तळहातावर तोलली आणि मान हलवली. हात लांब करून पाच मिनिटं धरायचं तर एवढं वजन पुढे नको. उरलेल्या दोन्ही उघड्या होत्या, नुसती एक चौकट आणि काच. हलक्या. "यांच्यात धूळ-पाणी शिरतं," भाऊजी म्हणाले, "पण आपण काही चिखलात लोळत नाही. डोक्यावर पत्रा आहे."

"मग या दोघींत फरक काय?"

"ठिपक्याचा. हिचा लहान. पंचवीस मीटरवर बघाल तर…" भाऊजी बोटांनी माप दाखवायला लागले आणि अडले.

"शर्टाच्या बटणाएवढा?" नवऱ्याने विचारलं.

"हां. बरोबर. आणि ही तिसरी, हिचा चटकन सापडतो, पण तो ओव्हरकोटाच्या बटणाएवढा. दहाचं वर्तुळ जवळजवळ झाकून टाकतो. कशावर मारतोय तेच दिसत नाही."

"आणि साध्या कोटाचं बटण नाही होय तुमच्याकडे?"

भाऊजी हसले. "आहे. पण ज्याची आहे तो आज द्यायला तयार नव्हता. मागवू."

"मागवा," नवरा म्हणाला. "शर्टाचं बटण हिला सापडायचं नाही, घरातही सापडत नाही."

पेटी बंद झाली नाही.

आठवड्याभरात मधल्या मापाची साइट आली. भाऊजींनी ती पिस्तुलावर बसवली. वहिनींनी पिस्तूल उचललं, काचेतून पाहिलं आणि लगेच खाली ठेवलं.

"हा ठिपका कुठे आहे? हा तर स्वल्पविराम आहे. शेपूट आलंय याला."

भाऊजींनी उजेड कमी केला. फार उजळ ठेवला की ठिपका फुलतो, एवढं त्यांना माहीत होतं. शेपूट आखडलं, पण गेलं नाही. त्यांना स्वतःला तर ठिपका गोल दिसत होता. वहिनींची खात्रीच पटली की माल खराब आहे. नवरा त्या दिवशी मुद्दाम बघायला आला होता. त्याने खिशातून फोन काढला, काचेच्या मागे धरला आणि फोटो घेतला. फोटोत ठिपका गोल होता, अगदी कंपासने काढल्यासारखा.

"फोनला चष्मा नाही," तो म्हणाला. "तुला आहे. दोष डोळ्यात आहे, बाई."

चष्मेवाल्याने तपासलं आणि सांगितलं की उजव्या डोळ्याचा गोलपणा जरा वाकडा आहे. पूर्वीपासून असणार, आता वाढला आहे. त्याने काच बदलून दिली. पुढच्या गुरुवारी शेपूट जवळजवळ गळून पडलं होतं.

आणि त्या दिवशी दुसरीच गोष्ट पुढे आली.

वहिनींनी हात लांब केला, दोन्ही डोळे उघडे ठेवले. समोर काळा गोल स्वच्छ दिसत होता. असा तो त्यांना वर्षभरात दिसला नव्हता. त्याच्यावर लाल ठिपका. पण तो एका जागी राहीना. गोलाच्या मध्यावर यायचा, खाली घसरायचा, डावीकडे जायचा, पुन्हा वर. काचेत अडकलेल्या किड्यासारखी त्याची वळवळ चालली होती.

"भाऊजी, साइट सैल आहे. आवळा जरा."

भाऊजींनी स्क्रू पाहिले. मग त्यांनी पिस्तूल वाळूच्या पिशवीवर टेकवून ठेवलं आणि म्हणाले, "आता बघा."

वहिनी वाकल्या. ठिपका खिळ्यासारखा स्थिर होता.

त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मग सरळ होऊन म्हणाल्या, "म्हणजे हात."

"हात."

"सव्वीस वर्षं हलतोय?"

भाऊजींना खोटं बोलता आलं असतं. ते म्हणाले, "हात सगळ्यांचाच हलतो, वहिनी. माझाही. माशी हे सांगत नव्हती, कारण ती खाचेबरोबरच हलायची. हा ठिपका सांगतो. पण गेल्या पाच-सहा वर्षांत तुमचा थोडा जास्त हलतो. मला दिसत होतं."

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"तरी दहा लागत होते. काय बोलणार?"

वहिनी त्या दिवशी एकही गोळी न मारता घरी आल्या. डॉक्टरांना दाखवलं. वयाचा कंप आहे, घाबरण्यासारखं काही नाही, असं ते म्हणाले. नवऱ्याने दिवाणावर आपल्या शेजारची जागा मोकळी केली.

शुक्रवारी कामावर त्यांच्यापुढे एक जाडजूड शब्दकोश होता, शिवण पार उसवलेली. वहिनींनी सुई उचलली आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट पाहिलं. सुईचं टोक हवेत नाचत होतं. अगदी ठिपक्यासारखं. त्या थांबल्या, आजूबाजूला कुणी बघत नाही ना ते पाहिलं. मग सुई पानांच्या घडीवर नेली. टोक नाचत नाचत भोकाजवळ गेलं, भोकाच्या या कडेला, त्या कडेला, आणि आत शिरलं. दुसरा टाका. पुन्हा तसंच. बत्तीस वर्षांत हजारो पुस्तकं त्यांनी शिवली होती आणि हाताने प्रत्येक टाक्याला हा नाच केला असणार. त्यांना कधी कळलंच नव्हतं, कारण त्या सुईकडे बघत नव्हत्या, भोकाकडे बघत होत्या.

दुपारपर्यंत शब्दकोश शिवून झाला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. टाके सरळ होते.

रविवारी त्या रेंजवर गेल्या. ठिपक्याकडे बघायचं सोडून दिलं. गोलाच्या मध्याकडे बघत राहायचं, ठिपक्याला काय नाचायचं ते नाचू द्यायचं. तो मध्याभोवती फिरत असेल तर चाप हळूच दाबत न्यायचा. फिरता फिरता मध्यापासून फार दूर गेला तर हात खाली घ्यायचा. ठिपका मध्यावर आला रे आला की झडप घालायची, हा मोह सुटायला दीड महिना गेला. झडप घातली की गोळी हमखास खाली जाई. भाऊजी मागून म्हणत, "मांजर होऊ नका, वहिनी." साइटचे बारीक स्क्रू एकेक टिचकी फिरवून त्यांनी गोळ्या मध्यावर आणून ठेवल्या, आणि मग काचेच्या कोपऱ्यात ठिपका असला तरी गोळी ठिपक्याच्या जागीच जाते हेही वहिनींना मारून मारून पटलं. काचेच्या मधोमध ठिपका आणण्याची धडपड थांबली तसे खांदे सैल झाले.

संघाची यादी द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःच आपलं नाव काढलं आणि डॉक्टरणीचं घातलं.

"मला नको," डॉक्टरीण म्हणाली. "तुमच्या जागी उभं राहून मी काय करू?"

"गोळ्या मार."

"आणि तुम्ही त्या पोरांच्या गटात?"

"हो. त्यांच्यात माझंच वय कमी आहे. मला सुरू करून चारच महिने झालेत."

स्पर्धेच्या दिवशी लाल ठिपक्याच्या गटात अकरा जण होते. बाकीच्या दहा जणांच्या डोक्यांवर मिळून एक पांढरा केस सापडला नसता. वहिनी सातव्या कठड्यावर उभ्या होत्या. मागच्या बाकावर नवरा, त्याच्या कानांवर क्लबाची मोठाली कानझाकणं, आणि चेहऱ्यावर परीक्षेला मुलगी बसवलेल्या बापाचा भाव. पाच-पाच गोळ्यांच्या चार फेऱ्या; प्रत्येक फेरीला पाच मिनिटं.

तीन फेऱ्यांनंतर फळ्यावर त्या तिसऱ्या होत्या. भाऊजी फळ्यासमोरून उगाचच दोनदा गेले.

चौथी फेरी. पहिली गोळी दहा. दुसरी नऊ. तिसऱ्या आणि चौथ्या वेळी ठिपका आज्ञाधारकपणे मध्याभोवती फिरत होता आणि दोन्ही आत गेल्या. पाचव्या वेळी हात वर गेला आणि वहिनींना कळलं की हात दमला आहे. ठिपका काळ्या गोलाच्या बाहेर जाऊन येत होता. त्यांनी हात खाली घेतला. श्वास घेतला. पुन्हा वर. पुन्हा तेच. पुन्हा खाली.

"तीस सेकंद," पंच ओरडले.

हात वर गेला. ठिपका गोलातून आरपार गेला, परत आला, वरून निघून गेला. चाप दाबला असता तर काहीतरी लागलंच असतं. सहा, सात, कदाचित आठही. सहासुद्धा पुरेसे होते. तिसरा नंबर टिकला असता. बोट चापावर होतं. पण ती गोळी कुठे जाईल हे त्यांना माहीत नव्हतं, आणि कुठे जाईल हे माहीत नसलेली गोळी त्यांना सोडायची नव्हती. त्यांनी हात खाली घेतला.

"वेळ संपली."

वहिनींनी पिस्तूल रिकामं केलं, उघडं करून कठड्यावर ठेवलं आणि न मारलेलं काडतूस त्याच्या शेजारी उभं केलं. पंच आले. त्यांनी काडतूस पाहिलं, पिस्तूल पाहिलं.

"अडकली का गोळी?" त्यांनी विचारलं. मग आवाज जरा खाली आणून म्हणाले, "पिस्तुलात बिघाड झाला असेल तर सांगा, वहिनी. नियमाने पुन्हा मारायला मिळते."

दुसऱ्या क्लबाचा हा माणूस त्यांना पंधरा वर्षं ओळखत होता. त्याने विचारलं ते चांगल्या मनाने. मागच्या बाकावर नवरा अर्धवट उठून उभा राहिला होता.

"नाही," वहिनी म्हणाल्या. "पिस्तूल चांगलं आहे. माझाच हात थांबेना, म्हणून मी मारली नाही."

पंचांनी कागदावर पाचव्या रकान्यात शून्य लिहिलं.

त्या पाचव्या आल्या. डॉक्टरीण मात्र जुन्या साइटच्या गटात तिच्या आजवरच्या सगळ्यांत चांगल्या आकड्यावर पोचली आणि संघ जिंकला. नवरा बाकावरून उठून आला, कानझाकणं काढायचं विसरून मोठ्याने म्हणाला, "ते काडतूस मार म्हणून मी केव्हाचा ओरडत होतो!"

"ऐकू नाही आलं," वहिनी म्हणाल्या.

"मलाही नाही," तो म्हणाला, आणि मग दोघंही हसत सुटले. सगळे वळून बघायला लागले.

डॉक्टरीण गर्दीतून वाट काढत आली. गळ्यात पदक होतं आणि ते कुठे ठेवावं हे न कळल्यासारखी तिने ते मुठीत धरलं होतं. तिने दुसरा हात पुढे केला. वहिनींचा उजवा हात अजून कापत होता, आता तर लांबूनही दिसेल एवढा. दिवसभर लोकांच्या तोंडात बारीक हत्यारं धरणाऱ्या त्या बाईची नजर नेमकी तिथेच गेली. वहिनींनी हात पदराआड नेला नाही की डावा पुढे केला नाही. तोच हात, कापत होता तसाच, तिच्या हातात दिला.

"छान मारल्यास," त्या म्हणाल्या. "चौथ्या फेरीत घाई केलीस थोडी. गुरुवारी बघू."